नऊ मिनिटांचं बेट

स्तामातिस एकोणीस वर्षं थिमारी बेटावर येत होता, आठवड्यातून चार वेळा, आणि थिमारी बेट त्याने पाहिलेलं नव्हतं.

म्हणजे धक्का पाहिला होता. दोर बांधायचे दोन गंजके खुंट, त्यातला डावा जरा वाकडा. कॉफीवाल्याच्या निळ्या खुर्च्या. बंदर अधिकाऱ्याच्या कचेरीची पांढरी भिंत, आणि त्या भिंतीला वळसा घालून आत जाणारा रस्ता. पुढे काय होतं, देव जाणे. बोट धक्क्याला लागायची, मागचं लोखंडी दार खाली टेकायचं, गाड्या उतरायच्या, गाड्या चढायच्या, खोकी, पोती, गाद्या, कोंबड्या खाली जायच्या आणि नवव्या मिनिटाला दार वर. खलाशाला नऊ मिनिटांत बेट बघायला कुठला वेळ? त्याने निम्मा ग्रीस असाच पाठीमागून पाहिला होता, दोर हातात धरून.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी सकाळी पावणेदहाला मात्र ते दार खाली टेकलं आणि वर जाईना. आतून कसलीतरी नळी फुटली होती. काळं तेल धक्क्यावर सांडायला लागलं. इंजिनिअर पालथा पडून तासभर खटपट करत होता. तो ज्या शिव्या घालत होता त्या ऐकून धक्क्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी टोप्या काढून छातीवर क्रूसाची खूण केली. शेवटी कॅप्टनने सगळ्यांना गोळा केलं.

"नळी उद्या सकाळी रोडसहून येईल," तो म्हणाला. "प्रवाशांची सोय बेटावरच केली आहे. तुम्हाला आज सुट्टी. संध्याकाळी सातला मोजणी. कोणी समुद्रात पडलेलं मला चालणार नाही."

बाकीचे खलाशी सरळ झोपायला गेले. स्तामातिसने नारिंगी जाकीट काढलं, हातमोजे काढले आणि तो धक्क्यावर नुसता उभा राहिला. हात मोकळे असले की त्याला काही सुचायचंच नाही.

"अगं बाई! नेमबाज जमिनीवर उतरला!"

ही सेवास्ती. बेटावर येणारं प्रत्येक खोकं तिच्या तीनचाकी टेम्पोतून घरोघर जायचं. चाळिशी उलटलेली, आडव्या बांध्याची, आवाज भोंग्यासारखा. गेली चौदा वर्षं ती त्याला नेमबाज म्हणत आली होती. आपण दोर अचूक फेकतो म्हणून, अशी त्याची समजूत होती, आणि त्याला त्याचा थोडा अभिमानही होता.

"चालता येतं का रे तुला, खालची जमीन हलत नसताना?"

"तू टेम्पो चालवतेस त्यापेक्षा बरं चालता येतं."

"मग ये. आज खोकी फेकायची नाहीत, नीट पोचवायची. बघू जमतं का." तिने टेम्पोच्या पुढच्या फळीवरून रुमालात गुंडाळलेली एक चपटी डबी उचलली. तिला जाळी होती, आणि जाळीच्या आत काहीतरी गुणगुणत होतं.

"हे काय?"

"तीन राणीमाश्या. आईच्या मधाच्या तीन पेट्यांतल्या राण्या गांधीलमाश्यांनी गेल्या आठवड्यात मारल्या. राणी नाही तर पेटी टिकत नाही. दुपारच्या आत पोचल्या पाहिजेत, नाहीतर उन्हाने जातील. आई राहते आय-फोकाच्या खाडीत, तिकडे गाडीरस्ता नाही. एरवी माझा नवरा होडीतून सोडतो, पण फोतिस आज जाळी ओढायला गेलाय, येईल दुपारी. चल. राण्या तुझ्या खिशात. माझ्या झग्याला खिसा नाही."

तिने डबी त्याच्या शर्टाच्या खिशात सरकवली आणि वरचं बटण लावलं. छातीशी बारीक थरथर सुरू झाली. स्तामातिसने श्वासही जपून घेतला.

"चावतील?"

"राणी चावत नाही. तुझ्यावर तिची नजर तरी कशाला जाईल?"

टेम्पो पांढऱ्या भिंतीला वळसा घालून आत शिरला, आणि स्तामातिस मान वळवून वळवून बघायला लागला.

गल्ली इतकी अरुंद होती की समोरासमोरच्या बायका आपापल्या खिडकीतून एकाच परातीतले वाटाणे सोलत होत्या. दोन घरांमध्ये दोरीवर ऑक्टोपस वाळत घातलेला, शेजारी पोराची शाळेची चड्डी. पुढे एका ओट्यावर पांढरीशुभ्र, आत बसून आंघोळ करायची टाकी, आणि टाकीत टमाट्याची झाडं.

"थांब, थांब!" तो ओरडला. "ही टाकी मी उतरवली होती! चौघांनी मिळून. ऐन ऑगस्टात. कंबर धरली होती माझी आठ दिवस. तिच्यात टमाटे?"

"घरात घ्यायला गेले तर दारातून आत जाईना," सेवास्ती म्हणाली. "टमाटे मात्र छान येतात."

मग त्याला चटकच लागली. औषधवाल्याच्या दुकानावरची लांब काच, जिच्यासाठी त्याने रात्रभर बोटीत उशा लावून ठेवल्या होत्या. शाळेच्या अंगणातली घसरगुंडी. चर्चच्या पायरीशी लिंबाची दोन झाडं. ती त्याने काखेत मावतील एवढी असताना खाली दिली होती, आता त्यांच्या सावलीत पाद्री पेपर वाचत बसला होता. स्तामातिसने आयुष्यभर वस्तू खाली दिल्या होत्या. त्या पुढे कुठे जातात, त्यांचं काय होतं, हा विचारच कधी त्याच्या मनाला शिवला नव्हता. आणि इथे तर सगळं जागच्या जागी, लोकांच्या हाताखाली, वापरून गुळगुळीत झालेलं! त्याला उगाचच हसू यायला लागलं.

वरच्या चौकात भाजीवाल्याची गाडी अडकली होती. पुढे विहिरीचा कठडा, मागे न्हाव्याचं दुकान, आणि मध्ये ती तिरकी. भाजीवाला खिडकीतून डोकं काढून रडकुंडीला आलेला. आजूबाजूला सात-आठ माणसं, आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा.

स्तामातिस केव्हा खाली उतरला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. गाडीच्या मागे जाऊन त्याने दोन्ही हात वर केले आणि रोजचा तो आवाज त्याच्या गळ्यातून आपोआप निघाला.

"ये ये ये ये ये! डावीकडे! अजून! ये ये ये... बस्स!"

गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी सुटली. पण तिच्याकडे कोणी बघितलंच नाही. सगळा चौक त्याच्याकडे बघत होता.

"अरे, हा तर बोटीवरचा!" एक म्हातारी ओरडली. "आवाज ओळखला! जाकीट नाही, म्हणून कळलं नाही!"

"हाच तो! ये-ये-ये!"

"अहो, माझ्या नातवाचा पहिला शब्द आई नाही, बाबा नाही. ये-ये-ये-बस्स!"

त्याच्या हातावर कोणी अंजीर ठेवलं, कोणी पाठीवर थाप मारली. दुकानातून पांढऱ्या कोटातला न्हावी, निकिफोरोस, वस्तरा हातात घेऊनच धावत आला.

"उस्ताद, आत ये. आत ये आणि बघ. ओळखतोस का हिला?"

आत लाल कातड्याची, लोखंडी पायांची खुर्ची होती. स्तामातिसने पाठीला हात लावला. "हिने माझा अंगठा चेचला होता."

"माझासुद्धा!" निकिफोरोस आनंदाने म्हणाला. "बस. दाढी माझ्याकडून."

"दाढी परतताना," सेवास्ती मध्ये पडली. "त्याच्या खिशात तीन बायका आहेत, त्या आधी आईकडे पोचवायच्या आहेत."

चौकात जो हशा पिकला तो ते गावाबाहेर पडेपर्यंत मागून ऐकू येत होता.

शेवटच्या घरापाशी टेम्पो ठेवून ते पायवाटेला लागले. वाट जुनी, खेचरांसाठी दगड लावून केलेली. उजव्या हाताला गडगे आणि त्यांच्यावरून डोकावणाऱ्या शेळ्या, डाव्या हाताला सरळ समुद्र. पावलागणिक थिमारीची, रानओव्यासारखी, झुडपं पायाला घासायची, आणि बेटाला ज्याच्यावरून नाव पडलं तो कडवट-गोड वास वर यायचा. स्तामातिसला तो वास ओळखीचा वाटला. पहाटे कधीकधी, वारा जमिनीवरून असला की, बेट दिसायच्या आधी बोटीवर हाच वास यायचा. त्याला तो कोणाच्या तरी साबणाचा वाटायचा, असं त्याने सेवास्तीला सांगितलं.

"साबणाचा!" सेवास्ती थांबून हसली. "एकोणीस वर्षं!"

अर्धी वाट झाली आणि समोरची वाटच गेली. मागच्या हिवाळ्यातल्या पावसाने दहा-बारा पावलांचा तुकडा खाली समुद्रात ओढून नेला होता. उरली होती दीड वीत रुंदीची कड, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला पन्नास-साठ हात खाली निळं पाणी. सेवास्ती बोलता बोलता पलीकडे गेलीसुद्धा.

स्तामातिस मात्र अलीकडेच उभा राहिला. वादळात, बोट बाजूवर झोपायला आलेली असताना तो ओल्या लोखंडावरून धावला होता. पण बोट तुमच्याबरोबर हलते, तुम्ही तिच्याबरोबर हलता. ही जमीन मेली हलतच नव्हती. त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि लगेच मागे घेतलं.

"काय झालं?"

"काही नाही. समुद्र बघतोय."

"रोज बघतोस की. ये!"

"येतो. तू पुढे हो."

तिने कमरेवर हात ठेवून क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग तिच्या लक्षात आलं. तिने दोन्ही हात वर केले, आणि हुबेहूब त्याच्या आवाजात हाळी दिली: "ये ये ये ये ये! उजवा पाय! खडकाला चिकटून! ये ये ये..."

त्याला हसू आलं, आणि हसता हसता तो ओणवा झाला. दोन हात, दोन गुडघे, पोट आत ओढलेलं, छाती मुद्दाम खालच्या दगडांपासून वर उचललेली, कारण खिशात राण्या होत्या. त्याच्या हनुवटीखाली त्या शांतपणे गुणगुणत होत्या. एक शेळी गडग्यावरून हे सगळं चघळत चघळत बघत होती. मधोमध तो एकदा थांबला, डोळे मिटले, आणि बंद डोळ्यांनीच म्हणाला, "हे बोटीवर कोणाला सांगितलंस तर तुझं एकही खोकं कोरडं उतरणार नाही."

"तसं तर आजही नाही उतरत," ती म्हणाली.

"बस्स!" असं ती ओरडली तेव्हा तो पलीकडे होता. उभा राहिला, गुडघ्यांची माती झटकली आणि खिशावर हात ठेवून बघितला. थरथर चालू होती.

"काय म्हणालीस? आजही म्हणजे?"

"आईसमोर सांगते. तिला ती गोष्ट फार आवडते."

आय-फोकाची खाडी वळणावरून एकदम खाली दिसली. एक पांढरं घर, अंजिराचं झाड, हाताच्या ओंजळीएवढी वाळू आणि घरामागे उतारावर ओळीने बारा निळ्या पेट्या. सेवास्तीची आई, थेमेलिना, दारातच उभी होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, काळ्या कपड्यांतली, दहा वर्षांच्या मुलीएवढी बाई.

"आणल्या?" नमस्कार वगैरे राहिला बाजूला.

स्तामातिसने बटण काढून डबी तिच्या हातात दिली. तिने ती कानाशी धरली, मग डोळ्यांशी, आणि तिचा चेहरा खुलला. "तिन्ही जिवंत! लेकरा, तू चालतोस अगदी अलगद. ही सेवास्ती असती तर ऑम्लेट आणलं असतं."

तिने तोंडावर जाळी घेतली नाही, हातमोजे घातले नाहीत. भात्याने दोन फुंकरी धूर सोडला, झाकण काढलं, दोन चौकटींमध्ये आतली एका राणीची चिमुकली डबी अडकवली. डबीच्या तोंडाशी साखरेचा बोळा होता. माश्या तो दोन-तीन दिवसांत खातात, तोवर राणीचा वास त्यांच्या ओळखीचा होतो, आणि मग ती बाहेर येते. स्तामातिस चार पावलं मागे उभा होता.

"कीरा-थेमेलिना," त्याने आदराने हाक मारली, "त्यांना ती नाही आवडली तर?"

"शू. ऐक."

आधी पेटीतून नुसता रडका, तुटक घुंऽऽ येत होता. मग हळूहळू, भांड्यात पाणी भरताना आवाज बदलत जावा तसा, तो एकसारखा आणि खोल होत गेला. डबीच्या जाळीवर माश्या गोळा झाल्या आणि पंख हलवायला लागल्या. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

"आली आमची," ती म्हणाली. तिन्ही पेट्यांपाशी तिने तेच केलं, तसंच ऐकलं. शेवटच्या पेटीशी स्तामातिससुद्धा डोळे मिटून उभा होता, आणि एक माशी त्याच्या कोपरावर चालत होती ते त्याला कळलंही नाही.

मग अंजिराखाली जेवण. रात्रभर मातीच्या मडक्यात शिजलेले काबुली चणे, शेळीचं चीज, पाण्यात भिजवलेला जवाचा खडखडीत पाव, वर मध. स्तामातिसने तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा थेमेलिनाने लेकीला कोपराने ढोसलं. "सांग ना त्याला."

"काय सांगायचं?" तो भरल्या तोंडाने म्हणाला.

"तुला नेमबाज का म्हणते मी?"

"दोर..."

"कसला डोंबलाचा दोर! चौदा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी आठव. वादळ होतं. बोट धक्क्याला लागलीच नाही, नुसती घासून गेली. आणि तू कठड्यावरून एक लांबट खोकं फेकलंस."

स्तामातिसचा घास हातातच राहिला. ते खोकं त्याला पक्कं आठवत होतं. वाऱ्याने ते फिरलं, धक्क्याच्या कडेला आपटलं आणि पाण्यात पडलं. त्या रात्री त्याला झोप आली नव्हती. पुढच्या फेरीला कोणी तक्रार केली नाही, म्हणून कोणीतरी काढलं असेल असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

"काय होतं त्यात?" त्याने हळूच विचारलं.

"माझा लग्नाचा झगा."

"देवा!"

"लग्न दुसऱ्या दिवशी. फोतिस, नवरदेव, कपड्यांसकट समुद्रात उडी मारून खोकं घेऊन आला. फेब्रुवारीत! झगा आम्ही गोड्या पाण्यातून काढला आणि वाळवायला पाववाल्याच्या भट्टीवर टांगला. लग्नात माझ्या अंगाला ताज्या पावाचा वास येत होता. सगळी पोरं माझ्याच मागे मागे. आणि फोतिसला अशी सर्दी की पाद्री 'आमेन' म्हणाला की हा शिंकायचा!"

"पाद्रीसुद्धा हसला," थेमेलिना म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. "बहात्तर लग्नं पाहिली मी ह्या बेटावर. एवढं कुठल्याच लग्नात हसले नाही. तिचा बाप तेव्हा आजारी होता, महिनाभर हसला नव्हता. त्या दिवशी हसून हसून खुर्चीतून घसरला. लेकरा, तुझा नेम लागला असता ना, तर आमच्याकडे हे काहीच नसतं."

स्तामातिसने हातातला घास ताटात ठेवला. चौदा वर्षं तो त्या खोक्याचं ओझं वाहत होता, हेही त्याला धड माहीत नव्हतं. ते उतरलं. आधी तो हसला, मग सेवास्ती हसली, मग तिघंही.

उन्हं कलली तशी तो पाण्याशी गेला. खाडीचा तळ स्वच्छ दिसत होता. किती वर्षांत आपण समुद्रात उतरलो नाही, याचा हिशेब त्याला लागेना. समुद्र म्हणजे त्याच्या लेखी कामाची जागा. त्याने शर्ट काढला, पँट काढली आणि धावत जाऊन चड्डीवरच उडी मारली. वर आला तो पोरासारखा ओरडतच. उताणा पडून त्याने कान पाण्याखाली घेतले. आभाळात एकही दोर नव्हता.

"नेमबाज!" काठावरून सेवास्ती ओरडली. "आई म्हणते, पोट आत घे, मासे घाबरतील!"

दुपारी चारच्या सुमाराला फोतिस होडी घेऊन आला. लाजाळू, उंच माणूस. बायकोने ओळख करून दिल्यावर त्याने स्तामातिसचा हात बराच वेळ धरून ठेवला, आणि एवढंच म्हणाला, "पाणी फार गार होतं." पण डोळे हसत होते. थेमेलिनाने मधाची बरणी दिली आणि बजावलं, की तीन दिवसांनी राण्या बाहेर आल्या की नाही ते सेवास्ती धक्क्यावरून ओरडून सांगेल, त्याने ऐकल्याशिवाय बोट सोडायची नाही. कॅप्टन काय म्हणेल ते तिला ठाऊक नव्हतं, आणि त्याची तिला पर्वाही नव्हती.

संध्याकाळी साडेपाचला स्तामातिस निकिफोरोसच्या लाल खुर्चीत बसला होता, गळ्याभोवती पांढरं कापड, गालांवर फेस. केस अजून खारट. दुकानात दाढी करायची नसलेली सहा माणसं त्याला बघायला बसली होती. त्याने पेरामा गावी, आपल्या घरी, फोन लावला.

"आंथी, मी आहे."

"बोट बुडाली का?" बायकोने विचारलं. एरवी तो ह्या वेळेला कधीच फोन करत नसे.

"नाही, नाही. मी थिमारीवर आहे."

"रोजच असतोस की."

"नाही गं. आज आत आलोय." आणि मग तो बोलतच सुटला. टाकीतले टमाटे, लिंबाची झाडं, माश्यांचा आवाज, चणे, झगा. ओणवा झाल्याचं तेवढं त्याने गाळलं. ते मागच्या बाकावरून कोणीतरी मोठ्याने भरून काढलं, आणि सगळं दुकान हसलं. सेवास्तीने गावभर केलं होतं तर!

पलीकडे आंथी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत होती. चोवीस वर्षांच्या संसारात नवरा एका दमात एवढं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मेमध्ये तुझी रजा असते," ती म्हणाली.

"असते."

"दरवर्षी झोपून काढतोस."

"काढतो. म्हणूनच म्हणतोय. कीरा-थेमेलिनाच्या घरामागे एक खोली आहे. दोन खाटा. खिडकीतून पाणी दिसतं. पण वाट जरा... होडीने जाऊ आपण."

निकिफोरोस वस्तरा वर धरून थांबला होता. बाकावरची सहाही माणसं पुढे वाकली होती.

"काय म्हणतात?" एकाने कुजबुजत विचारलं.

स्तामातिसने फेसाळलेला हात वर करून त्यांना गप्प केलं. फोनमध्ये आंथी घसा खाकरत होती. मोठं काही ठरवलं की ती आधी घसा खाकरायची.

"त्या बाईंना विचारून ठेव," ती म्हणाली, "तिकडे आपलं मांजर चालेल का."